दप्तर उघडू या : डाव्या हाताचं शाईपेन

दोस्तांनो, आज वाचायला बसण्याआधी एक काम करा. वहीचं कोरं पान घ्या, शाईचं पेन घ्या, आणि ते धरा डाव्या हातात! हो हो, डाव्याच. आता आपलं पूर्ण नाव लिहा, त्याखाली शाळेचं नाव आणि त्याखाली इयत्ता. घाई करू नका. शिरोरेघा मात्र विसरायच्या नाहीत.

झालं लिहून? आता डावा हात उलटा करून बघा पाहू. करंगळीच्या बाजूची तळहाताची कड निळी झाली ना? पानावरही निळे फराटे उमटले असतील. लिहिताना पेन मध्येच करकरलं असेल, एखाद्या ठिकाणी शाई उमटलीच नसेल. अक्षर वाकडंतिकडं आलं असेल तर त्याचं एवढं मनावर घेऊ नका. तुम्हाला डाव्या हाताची सवय नाही. पण ते फराटे आणि ती करकर? सवयीशी त्यांचा फारसा संबंध नाही बरं का! ज्याला जन्मापासून डाव्या हाताची सवय आहे, त्याच्याही वहीत ते येतात.

हे वाचून तुमच्यातल्या काही जणांना हसू आलं असेल. “यात नवीन काय? आमचा हात तर रोजच निळा!” असं म्हणणारी ही मंडळी म्हणजे आपले डावखुरे दोस्त. जगात दर दहा माणसांमागे साधारण एक जण डावखुरा असतो. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात चार-पाच जण तरी असणारच. आजचं दप्तर त्यांच्यासाठी उघडायचं आहे. पण उजव्या हाताच्या दोस्तांनीही उठून जायचं नाही. पेन चालतं कसं, हे आज तुम्हालाही नव्यानं कळणार आहे. आणि शेजारी बसणाऱ्या डावखुऱ्या मित्राच्या वहीकडे बघून “ईऽऽ, किती घाण!” असं यापुढे तुम्ही म्हणणार नाही, याची मला खात्री आहे.

चार ओळींचं उत्तर

ही गोष्ट वाटते तेवढी छोटी नाही. असं समजा, एका मुलीला शाळेत शाईपेनानं लिहावं लागतं. तिला धड्याचं उत्तर पूर्ण येतं. पण लिहायला लागली की मागचं अक्षर पुसतं. वहीवर लाल शाईत शेरा येतो, ‘स्वच्छ लिहा’. मग ती काय करते? हात कागदापासून वर उचलून लिहायला बघते. हात दुखतो. मग ती कमी लिहायला लागते. दहा ओळींचं उत्तर चार ओळींत संपवते. बाईंना वाटतं, हिचा अभ्यास झालेला नाही. घरी वाटतं, हिचं लक्ष नाही. आणि हळूहळू तिलाही वाटायला लागतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

कमी काहीच नसतं. वही सरळ ठेवलेली असते आणि पेन दुसऱ्या कुणाच्या हाताला जमणारं असतं, इतकंच! तेव्हा आता नीट बघू या, गडबड नेमकी होते कुठे.

काठी आणि ओली माती

अंगणात ओली माती असेल किंवा चौपाटीवरची वाळू असेल, तर एक काठी घ्या. काठी तिरकी धरा आणि तिचं टोक टेकवून ती आपल्यामागे ओढत चाला. छान गुळगुळीत रेघ उमटेल. आता तीच काठी तशीच तिरकी धरून पुढे ढकला. काय झालं? टोक मातीत रुतलं, काठी अडखळली, माती उकरली गेली.

शाईपेनाचंही अगदी असंच आहे. आपली मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात. उजव्या हातात धरलेलं पेन उजवीकडे कललेलं असतं आणि उजवीकडेच सरकत असतं. म्हणजे निब मागून ओढली जाते. डाव्या हातातलं पेन डावीकडे कललेलं असतं, पण त्याला जायचं असतं उजवीकडे. म्हणजे निब पुढे ढकलली जाते. ढकललेली निब कागदात रुतते, तंतू खरवडते आणि करकरते.

आता निबेकडे नीट बघा. भिंग असेल तर उत्तमच. निबेला मधोमध बारीक फट असते, तिच्यामुळे निबेचे दोन दात होतात. दोन्ही दातांच्या टोकाला मिळून एक इवलासा कठीण धातूचा मणी असतो. कागदाला टेकतो तो हा मणी. निबेच्या खाली जी दातेरी, बहुतेक वेळा काळी पट्टी असते, तिला जीभ म्हणतात. जिभेवर केसासारख्या बारीक खाचा असतात. अरुंद जागेतून पाणी आपोआप पुढे सरकतं, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. दिव्याची वात तेल वर ओढते, तसंच हे. शाई या खाचांतून निबेकडे येते आणि जेवढी शाई बाहेर जाते, तेवढी हवा आत जाते. ही युक्ती नीट जमवून अमेरिकेतल्या लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली आपल्या पेनाचं पेटंट घेतलं. शाई बाहेर, हवा आत आणि मध्ये जीभ पहारेकरी! आजच्या शाईपेनांतही मूळ कल्पना तीच आहे.

निब ओढली की दोन दात किंचित फाकतात, फटीतून शाई सहज उतरते. ढकलली की दातांना तसं फाकता येत नाही, म्हणून मध्येच शाई तुटते. त्यामुळे डावखुरी मुलं आणखी जोर लावतात, आणि जोर लावला की निब आणखी रुतते. झाली ना पंचाईत!

दुसरी अडचण तर सरळच आहे. उजवा हात ताज्या अक्षरांच्या पुढे राहतो. डावा हात त्यांच्या मागून येतो आणि ओल्या अक्षरांवरूनच सरकतो.

उर्दू लिहिताना काय होतं?

आता एक गंमत. मालेगाव, भिवंडी, मुंबई अशा ठिकाणी उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. मग तिथे काय होत असेल, सांगा पाहू?

बरोबर! तिथे सगळं उलटं. डावखुऱ्याचं पेन ओढलं जातं आणि त्याचा हात अक्षरांच्या पुढे राहतो. अक्षरांवरून हात फिरू नये म्हणून काळजी घ्यायची पाळी येते ती उजव्या हाताच्या मुलांवर!

म्हणजे डावा हात लिहायला वाईट असतो, हे काही खरं नाही. लिपी कुठल्या दिशेनं धावते, यावर सगळं अवलंबून असतं. इटलीतला थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची डावखुरा होता. तो आपल्या टिपणवह्या उजवीकडून डावीकडे, आरशात दिसावीत अशा उलट्या अक्षरांत लिहायचा. तो असं का करायचा, याचे बरेच तर्क आहेत. शाई पुसली जाऊ नये म्हणून, हा त्यातलाच एक. तुम्ही मात्र निबंध असा लिहू नका हं. बाईंना आरसा घेऊन तपासावा लागेल!

आधी वही फिरवा

आता पेन घ्यायला दुकानात जायचं ना? थांबा. त्याआधी आपला हात ओळखायचा आहे. डावखुऱ्या दोस्तांनो, नेहमीसारखं लिहा आणि शेजाऱ्याला सांगा, “माझा हात कुठे आहे ते बघ.” साधारण तीन प्रकार दिसतील.

पहिला प्रकार, हात ओळीच्या खाली. बोटं खालून वर येतात, अक्षरं हाताच्या वर राहतात. हे नशीबवान! यांची शाई फारशी पुसत नाही. हे जवळजवळ कुठलंही पेन वापरू शकतात.

दुसरा प्रकार, हात ओळीवरच. तळहाताची कड थेट ताज्या अक्षरांवरून जाते. सगळ्यात जास्त फराटे यांच्या वहीत.

तिसरा प्रकार, मनगट आकड्यासारखं वळलेलं आणि हात ओळीच्या वर. चालू ओळ यांच्या हाताखाली येत नाही, पण वरची नुकतीच लिहिलेली ओळ येते. शिवाय मनगट वळवून बराच वेळ लिहिलं की दुखायला लागतं.

हात असा का वळतो? बऱ्याचदा वहीमुळे! उजव्या हाताची मुलं वही थोडी डावीकडे झुकवून ठेवतात. त्यांचं बघून किंवा सांगितलं म्हणून डावखुरी मुलंही तशीच ठेवतात. मग आपण काय लिहितोय ते दिसावं म्हणून मनगट वळवावं लागतं.

उपाय अगदी सोपा आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. वही घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा. बारावर असलेला काटा एकवर जावा इतकी. थोडी जास्त फिरवलीत तरी चालेल. म्हणजे वहीचा वरचा डावा कोपरा सगळ्यात वर येईल. वही छातीच्या मधोमध न ठेवता जराशी डावीकडे सरकवा. पेन टोकापासून थोडं दूर धरा, म्हणजे बोटांच्या पलीकडचं अक्षर दिसेल. बघा, हात आपोआप ओळीच्या खाली जातो! आणि निब सरळ ढकलली जाण्याऐवजी आडवी सरकते, त्यामुळे करकरही कमी होते.

पहिले काही दिवस अवघडल्यासारखं होईल. रोज शुद्धलेखनाच्या पाच-सात ओळी अशा लिहा. हळूहळू हात रुळतो. ज्यांना अनेक वर्षांच्या सवयीमुळे वही फिरवणं जमतच नाही, त्यांनी हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी पेन आणि शाई जास्त काळजीपूर्वक निवडायची.

शिरोरेघेची युक्ती

मराठी लिहिणाऱ्या डावखुऱ्यांसाठी आणखी एक खास युक्ती. शब्द लिहून झाला की आपण शिरोरेघ डावीकडून उजवीकडे मारतो. डाव्या हाताला ही सगळ्यात लांब ढकलणारी रेघ! तिथेच पेन हमखास करकरतं. मग ती उजवीकडून डावीकडे मारून बघा. शब्दाच्या शेवटापासून सुरुवातीकडे. निब ओढली जाईल, रेघ सरळ येईल. शिवाय रेघ मारताना हात शब्दापासून दूर दूर जाईल, म्हणजे ताजी अक्षरंही वाचतील. रेघ कुठल्या बाजूनं मारली, हे कागदावर कुणालाही ओळखू येत नाही!

दुकानात गेल्यावर

आता चला दुकानात. पेन काचेआडून पसंत करायचं नाही आणि रंगावर तर मुळीच भाळायचं नाही. दुकानदारकाकांना म्हणायचं, “काका, मला जरा शाईत बुडवून लिहून बघायचंय.” बहुतेक शाईपेनवाले आनंदानं दौत पुढे करतात. तुमच्या ऐवजी बाबांनी लिहून बघितलेलं चालणार नाही, बरं का! त्यांच्या उजव्या हातात लोण्यासारखं चालणारं पेन तुमच्या डाव्या हातात करकरू शकतं. लिहायचं तुम्ही, आणि जमलं तर बसून.

काय लिहायचं? नुसत्या सह्या ठोकू नका. आडव्या पडलेल्या इंग्रजी आठाचा आकार काढा, आधी एका दिशेनं, मग उलट दिशेनं. मग अजिबात जोर न देता डावीकडून उजवीकडे चार आडव्या रेघा ओढा. यातच खरी परीक्षा आहे. रेघ तुटली किंवा निब अडकली, तर ते पेन बाजूला ठेवा. शेवटी रोजच्या वेगानं दोन वाक्यं लिहा. तीन-चार पेनं अशी तपासलीत तर त्यातलं आपलं कुठलं, ते हातच सांगतो.

निबेबद्दल मात्र एक कोडं सोडवावं लागेल. बारीक निब कमी शाई सोडते, म्हणून अक्षर लवकर वाळतं. पण तिचा मणी छोटा असतो, त्यामुळे ढकलताना ती रुतते. मध्यम निबेचा मणी मोठा आणि गोल. ती घसरत छान जाते, पण शाई जास्त सोडते, म्हणून वाळायला वेळ लागतो. मग कुठली घ्यायची? ज्यांचा हात ओळीच्या खाली आहे, त्यांनी खुशाल मध्यम घ्यावी. ज्यांचा हात ओळीवरून जातो, त्यांनी बारीक घ्यावी, पण टोक गोल, गुळगुळीत असलेलीच. भिंगातून दोन्ही दात समोरासमोर, एका पातळीत दिसले पाहिजेत. एक दात वर आणि एक खाली असेल तर ती निब डाव्या हाताला फार त्रास देते. सुलेखनासाठी टोक सपाट कापलेली निब मिळते, किंवा दाबल्यावर खूप फाकणारी लवचिक निब मिळते. त्यांची मजा नंतर कधीतरी. शाळेच्या वहीसाठी त्या नकोत.

पेनाची पकडही बघा. काही पेनांवर बोटं ठेवायला खळगे केलेले असतात, पण ते उजव्या हाताच्या बोटांच्या मापाचे! साधी गोल पकड किंवा दोन्ही बाजूंनी सारखी असलेली त्रिकोणी पकड दोन्ही हातांना चालते. जर्मनीत बरीच मुलं शाळेत शाईपेनानं लिहायला शिकतात. त्यामुळे तिथली लामी कंपनी डावखुऱ्यांसाठी वेगळी निब काढते, आणि पेलिकन कंपनीच्या ‘पेलिकानो’ या शाळकरी पेनात डाव्या हाताची वेगळी पकड मिळते. पण ते मिळालं नाही, महाग वाटलं, तरी हिरमुसू नका. हातानं नीट तपासून घेतलेलं साधं पेन न तपासलेल्या महागड्या पेनापेक्षा बरं.

आणखी एक. ड्रॉपरनं थेट नळीत शाई भरायची पेनं असतात. त्यांतली शाई संपत आली की नळीत हवा जास्त होते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईचा थेंब टपकन कागदावर पडतो. उजव्या हाताचा मुलगा टीपकागद आणेपर्यंत थांबू शकतो, पण डावखुऱ्याचा हात तोवर त्या थेंबावरून गेलेलासुद्धा असतो! म्हणून असं पेन असेल तर शाई निम्म्यावर आली की पुन्हा भरा.

आणि आजोबांनी प्रेमानं दिलेलं जुनं पेन? ते जपून ठेवा, पण लिहिण्यापूर्वी तपासा. ‘आपलं पेन दुसऱ्याला देऊ नये’ असं जुनी माणसं म्हणायची, त्यात थोडं तथ्य आहे. वर्षानुवर्षं लिहून निबेचा मणी किंचित झिजतो, तो लिहिणाऱ्याच्या हाताच्या कोनात. उजव्या हाताला झिजलेली निब डाव्या हाताला टोचू शकते.

शाईची शर्यत

पेन झालं. आता शाई आणि कागद. यासाठी एक प्रयोग करू.

साहित्य : शाईपेन, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वह्या, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि कोरडं बोट.

कृती : पहिल्या वहीत एक शब्द लिहा. पाच सेकंद थांबा आणि त्यावरून बोट फिरवा. मग दुसरा शब्द लिहा, दहा सेकंद थांबा, बोट फिरवा. असंच पंधरा आणि वीस सेकंदांनी करा. फराटा कुठे थांबला ते लिहून ठेवा. मग हेच दुसऱ्या वहीत करा. शक्य असेल तर दुसऱ्या शाईनं आणि दुसऱ्या पेनानंही करा.

तुमच्या लक्षात येईल की तेच पेन, तीच शाई, पण एका वहीत लवकर वाळते आणि दुसरीत रेंगाळते. गुळगुळीत, चकचकीत कागद शाई पटकन पीत नाही. खरबरीत कागद पितो, पण फारच पिणारा असेल तर अक्षराला मिशा फुटतात. दोन्हींच्या मधला कागद आपला. पावसाळ्यात हा प्रयोग पुन्हा करा. हवा दमट असली की शाई वाळायला जास्त वेळ लागतो. म्हणून कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात वहीत टीपकागदाचा तुकडा हवाच! तो हाताखाली ठेवून लिहा. हातही स्वच्छ, वहीही स्वच्छ.

शाईबद्दल एक मात्र लक्षात ठेवा. चित्रकलेची जलरोधक काळी शाई पेनात कधीही भरायची नाही. ती आत वाळून बसते आणि जिभेच्या खाचा बुजतात. पेनासाठी पेनाचीच शाई. आपल्याकडे तिचा इतिहासही मोठा छान आहे. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी ‘हॉर्स ब्रँड’ नावानं शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. घरी पाण्यात विरघळवायची आणि दौतीत भरायची. त्यातूनच पुढे ‘कॅम्लिन’ कंपनी उभी राहिली आणि उंटाच्या नावाची ‘कॅमल’ शाई घराघरांतल्या दौतींत पोचली.

आणि समजा, हे सगळं करूनही शाईपेन जमलं नाही तर? शाळेत चालत असेल तर बॉलपेननं लिहा की! आकाश कोसळत नाही. बॉलपेनची शाई लवकर वाळते. फक्त त्याला जोर जास्त लागतो आणि खूप लिहिलं की बोटं दुखतात. चांगलं जमलेलं शाईपेन नुसत्या वजनानं चालतं, हा त्याचा मोठा फायदा. जेल पेनची शाई मात्र ओली असते, तिचीही शर्यत लावूनच ठरवा.

आई-बाबा आणि गुरुजनांसाठी

आता दोन शब्द मोठ्यांशी. मूल कुठला हात वापरणार, हा बहुधा जन्मजात कल असतो. शाळेत जाण्याआधीच तो दिसायला लागतो. तो हट्ट नसतो की वाईट वळण नसतं. हात बांधून, फटका मारून किंवा सारखं टोकून उजव्या हातानं लिहायला लावलं, तर कल बदलत नाही. मुलाचं अर्धं लक्ष मात्र उत्तराऐवजी हाताकडे जातं. प्रसाद उजव्या हातानं घ्यावा, जेवताना उजवा हात वापरावा, ही आपल्या घराची रीत असेल तर ती प्रेमानं सांगावी, मुलं शिकतात. लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे हाताला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं. सचिन तेंडुलकर बॅट उजव्या हातानं धरायचा, गोलंदाजीही उजव्या हातानं करायचा, पण लिहितो डाव्या हातानं. कुठल्या कामाला कुठला हात, हे त्याच्या शरीरानंच ठरवलं.

पेन आणायचं असेल तर वाढदिवसाची गंमत म्हणून परस्पर आणू नका. मुलाला बरोबर न्या. नवं पेन परीक्षेच्या दिवशी प्रथमच हातात देऊ नका, निदान महिनाभर आधी द्या. अभ्यासाच्या टेबलावर दिवा उजव्या बाजूला ठेवा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडणार नाही.

आणि बाई-सर, आपल्याला एक विनंती. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावं, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही. त्यानं वही तिरकी ठेवली तर ‘सरळ ठेव’ म्हणू नये. वहीत फराटे दिसले तर लाल शेरा मारण्याआधी एकदा त्याचा हात बघावा. फराटा म्हणजे आळस असेलच असं नाही. कदाचित त्या मुलानं इतरांपेक्षा दुप्पट कष्ट करून ते पान लिहिलेलं असेल.

आता तुमचं काम

डावखुऱ्या दोस्तांनो, या आठवड्यात तीन गोष्टी करा. हाताचा प्रकार ओळखा, वही फिरवून लिहा आणि शाईची शर्यत लावा. पेन त्यानंतर! उजव्या हाताच्या दोस्तांनी बाकावरची जागा बदलून द्या आणि घड्याळ घेऊन शर्यतीचे पंच व्हा. १३ ऑगस्ट हा दिवस जगभर डावखुऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांनी डाव्या हातानं एकेक ओळ लिहून फळ्याशेजारी लावायला काय हरकत आहे?

तुमच्या शर्यतीत कुठला कागद जिंकला, शिरोरेघेची युक्ती जमली की नाही, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पत्र डाव्या हातानं लिहिलेलं असेल आणि त्यावर एखादा फराटा असेल तरी चालेल. आम्ही तो आनंदानं वाचू!

पुढच्या आठवड्यात दप्तरातून कात्री काढू या. तीही डावखुऱ्यांशी जरा फटकूनच वागते. का, ते तोवर घरच्या कात्रीनं कागद कापून शोधून ठेवा. अच्छा!